तेल बदललं आणि क्लच घसरू लागला

सर्व्हिसिंग करून गाडी घरी येते. इंजिनचा आवाज मऊ झालेला असतो, गिअर हलके पडतात, चालवणारा खूश असतो. दोन दिवसांनी मागे कुणीतरी बसलेलं असताना चढावर ॲक्सिलरेटर पिळला, की इंजिन एकदम किंचाळतं आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात राहते. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर गाडी नुसती रेस होते, ओढत नाही. मग पार्किंगमध्ये जमलेल्या चार जणांत दोन तट पडतात. एक म्हणतो, नवीन तेलच भेसळीचं. दुसरा म्हणतो, क्लच प्लेटा गेल्या, इंजिन उघडायला टाका.

दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. तेल बदलल्यानंतर लगेच क्लच घसरू लागला, हा पुरावा महत्त्वाचा आहे. पण एवढ्यावरून दोष कुणाचा ते ठरत नाही. तेल बदलताना मेकॅनिकचा हात आणखी चार ठिकाणी फिरलेला असतो. क्लचची केबल, चेन, ब्रेक, एअर फिल्टर हे सगळं त्याच बैठकीत होतं. केबल जरा जास्त ताणली गेली तरी लक्षण हेच दिसतं. प्लेटा आधीच झिजत आल्या असतील तरी हेच. आणि डब्यावरची दोन अक्षरं न पाहता तेल ओतलं असेल तरीही हेच. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून शोध एका क्रमाने घ्यावा लागतो. जे फुकट तपासता येतं ते आधी, ज्याला पैसे लागतात ते नंतर आणि इंजिनचं कव्हर उघडणं सगळ्यात शेवटी.

सपाट रस्ता फसवतो

उदाहरणार्थ, जयपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात हा बिघाड कित्येक दिवस लपून राहू शकतो. बंगल्यांची वस्ती, रुंद आणि सपाट रस्ते, वरून जाणारा मेट्रोचा मार्ग. अशा रस्त्यावर ताशी तीस-पस्तीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला इंजिनच्या ताकदीचा थोडासाच भाग पुरतो. अर्धवट पकड गमावलेला क्लचसुद्धा तेवढा जोर सहज पेलतो आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही.

तीच गाडी मागे माणूस बसवून आमेरच्या बाजूने नाहरगडावर जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याला लागली, की चित्र पालटतं. चढावर गाडीचं आणि दोन माणसांचं वजन ओढायला इंजिनला पूर्ण जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर क्लचमधून जातो. क्लचची पकड त्याहून कमी असेल तर प्लेटा एकमेकींवर सरकतात. इंजिन फिरतं, चाक तेवढं फिरत नाही. म्हणजे बिघाड गडाच्या रस्त्यावर झालेला नसतो, तिथे तो फक्त उघडा पडतो. ‘शहरात चांगली चालते, चढावरच त्रास देते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाने खरं तर मेकॅनिकला अर्धं निदान आयतंच दिलेलं असतं.

मात्र घसरणं आणि ताकद कमी होणं यांत गल्लत होऊ देऊ नये. ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनचे फेरेही वाढत नसतील आणि वेगही वाढत नसेल, तर क्लचचा संबंध नाही. तिथे कार्बोरेटर, इंजेक्टर, प्लग किंवा एअर फिल्टर पाहावा लागेल. फेरे झपकन वाढतात आणि वेग मागे राहतो, ही क्लचची खूण. पल्सरसारख्या गाडीत फेऱ्यांचा काटा असतो, तो डोळ्यांनी दिसतो. स्प्लेंडरसारख्या बऱ्याच गाड्यांत असा काटा नसतो, तिथे कानावरच भिस्त. आणि लिव्हर पूर्ण दाबूनही गिअर कटकट करत पडत असेल, सिग्नलला न्यूट्रल सापडत नसेल, तर तो उलटा आजार झाला. तिथे क्लच घसरत नाही, सुटत नाही. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध असल्याने ही ओळख आधी पटायला हवी.

चार गोष्टींचा गुणाकार

क्लच घसरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजलं की तपासाचा क्रम आपोआप सुचतो. मोटरसायकलच्या क्लचमध्ये दोन प्रकारच्या चकत्या आलटून पालटून रचलेल्या असतात. एका प्रकारावर घर्षणाचं अस्तर चिकटवलेलं असतं. गॅरेजमध्ये तिला नुसतं ‘क्लच प्लेट’ म्हणतात. दुसरी साधी पोलादी असते. तिला बरेच मेकॅनिक ‘प्रेशर प्लेट’ म्हणतात. अस्तराच्या प्लेटांना बाहेरच्या कडेने कान असतात. ते ‘बास्केट’ नावाच्या बाहेरच्या वाटीच्या खाचांत बसतात, आणि बास्केट इंजिनच्या क्रँकशी गिअरने जोडलेली असते. पोलादी प्लेटांना आतून दाते असतात. ते मधल्या हबवर बसतात, आणि हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. स्प्रिंगांनी ही सगळी रचना घट्ट दाबून धरली, की इंजिन आणि गिअरबॉक्स एकजीव फिरतात. हँडलवरची लिव्हर ओढली, की स्प्रिंगांचा दाब निघतो आणि दोघं सुटे होतात.

हा क्लच किती जोर पेलणार, हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं. घासणाऱ्या पृष्ठांची संख्या, प्लेटांची सरासरी त्रिज्या, स्प्रिंगांचा दाब आणि प्लेटांमधला घर्षणांक. पहिल्या दोन गोष्टी कारखान्यात ठरतात आणि पुढे बदलत नाहीत. तिसरी, म्हणजे दाब, दोन कारणांनी घटते: स्प्रिंगा वर्षानुवर्षं तापून मऊ पडतात, किंवा ताणलेली केबल त्यांना पूर्ण बसूच देत नाही. चौथी, घर्षणांक, मोठ्या प्रमाणात तेलाच्या हातात असते. तेल बदलल्यावर क्लच घसरला तर संशयाची सुई त्या दिवशी बदलू शकतील अशा दोन जागांकडे जाते: केबल आणि तेल. स्प्रिंगा आणि अस्तर एका दिवसात झिजत नाहीत. फार तर ते काठावर उभे असतात आणि छोटासा बदल त्यांना पलीकडे ढकलतो.

घसरणाऱ्या क्लचकडे दुर्लक्ष का करू नये, हे एका साध्या हिशेबावरून कळतं. स्प्लेंडर प्लसचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सुमारे ८ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पूर्ण जोर लावलेला असताना त्यातले १,००० फेरे जरी घसरण्यात गेले, तरी सुमारे ८४० वॉट ताकद उष्णता होऊन प्लेटांमध्ये जिरते. घरातली कपड्यांची इस्त्री साधारण एवढ्याच ताकदीची असते, आणि ही उष्णता तळहाताएवढ्या चकत्यांच्या गठ्ठ्यात कोंडलेली असते. अस्तर तापलं की त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, घर्षण आणखी घटतं, मग क्लच आणखी घसरतो. जळका वास येईपर्यंत थांबलं, तर नुसतं तेल बदलून सुटणारा प्रश्न प्लेटा बदलण्यावर जातो.

एका तेलाची तीन कामं

इंजिनचं तेल बदलल्यावर क्लच घसरण्याच्या तक्रारीला भारतात तसा फार मोठा इतिहास नाही, आणि त्याला कारण आहे. जुन्या राजदूत, जावा, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिनचं वंगण पेट्रोलमध्ये मिसळून जळून जायचं. क्लच आणि गिअर वेगळ्या तेलात असायचे. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या लोखंडी इंजिनात तर तीन कप्पे होते: इंजिनचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच ज्यात बसतो त्या प्रायमरी चेनकेसचं वेगळं. त्या चेनकेसमध्ये प्रमाणाबाहेर तेल भरलं किंवा जाड गिअर ऑइल ओतलं, की क्लच घसरायचा. जुने बुलेटवाले हे पक्कं जाणून असत.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० हरियाणातल्या धारुहेड्यातून बाहेर पडली आणि फोर-स्ट्रोक गाड्यांचं युग घरोघरी पोचलं. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, २००१ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर आली. या गाड्यांत एकच तेल तीन कामं करतं. पिस्टन आणि बेअरिंगला वंगण देतं, गिअरच्या दातांवरचा दाब झेलतं आणि क्लचच्या प्लेटांना भिजवून थंड ठेवतं. पहिल्या दोन कामांत घर्षण जितकं कमी तितकं बरं. तिसऱ्यात मात्र ते हवंच असतं. या परस्परविरोधी मागण्यांतूनच मोटरसायकलच्या तेलाचं वेगळं शास्त्र उभं राहिलं.

मोटारगाडीच्या इंजिनात ही अडचण नाही. तिथे क्लच कोरडा असतो आणि इंजिनच्या तेलापासून दूर असतो. त्यामुळे इंधन वाचवण्यासाठी कार-तेलात घर्षण घटवणारी रसायनं बिनधास्त घालता आली. मॉलिब्डेनमची संयुगं आणि काही स्निग्ध रेणू धातूच्या पृष्ठावर एक पातळ, निसरडा थर धरतात. पिस्टनला तो थर वरदान ठरतो. तेच तेल मोटरसायकलमध्ये ओतलं की तो थर पोलादी चकत्यांवरही बसतो आणि घर्षणांक खाली येतो.

१९९० च्या दशकात कार-तेलं अधिकाधिक निसरडी होत गेली. तेव्हा जपानच्या मोटार उद्योगाच्या मानक संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ मध्ये फोर-स्ट्रोक मोटरसायकलींसाठी ‘टी ९०३’ हे स्वतंत्र मानक आणलं. त्याच्या चाचणीत खऱ्या क्लच प्लेटा त्या तेलात बुडवून, फिरणारं जड चाक क्लच लावून पुन्हापुन्हा थांबवलं जातं. फिरताना घर्षण किती, थांबलेल्या अवस्थेतून प्लेट सुटायला जोर किती लागतो आणि चाक थांबायला वेळ किती, हे मोजतात. घर्षण पुरेसं असेल ते तेल ‘एमए’, कमी असेल ते ‘एमबी’. २००६ च्या आवृत्तीत ‘एमए’चे दोन भाग केले: घर्षणाच्या खालच्या पट्ट्यातलं ‘एमए१’ आणि वरच्या पट्ट्यातलं ‘एमए२’. त्या आवृत्तीत फिरत्या घर्षणाचा निर्देशांक १.४५ च्या खाली गेला की तेल ‘एमबी’त जायचं. पुढच्या आवृत्त्यांत आकडे बदलत गेले, पण विभागणीचं तत्त्व कायम राहिलं.

डबा हातात घेऊन काय वाचायचं

बहुतेक लोक डब्यावर ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ शोधतात आणि तो जुळला की निश्चिंत होतात. हा आकडा तेल थंडीत आणि उष्णतेत किती पातळ राहतं ते सांगतो. क्लच घसरेल की नाही, याबद्दल तो काही सांगत नाही. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० इतकं पातळ तेल सांगितलेलं आहे आणि लाखो स्प्लेंडर त्यावर बिनतक्रार चालतात, कारण ते तेल ‘एमए’ वर्गातलं असतं. तेल ‘सिंथेटिक’ आहे म्हणून क्लच घसरतो, ही समजूतही खरी नाही. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकमध्ये पूर्ण सिंथेटिक तेल पडतं आणि तिचा क्लचही तेलात बुडालेलाच असतो. फरक पडतो तो तेलात मिसळलेल्या रसायनांनी. मूळ तेल खनिज आहे की सिंथेटिक, यावर घसरणं अवलंबून नाही.

डब्याच्या मागच्या बाजूला जासोचा एक चौकोनी शिक्का असतो. वर एक सांकेतिक क्रमांक, मधे मोठ्या अक्षरांत ‘एमए’ किंवा ‘एमए२’ आणि खाली त्या दर्जाची हमी घेणाऱ्या कंपनीचा उल्लेख. हा शिक्का दिसला नाही, तर डबा परत ठेवणंच बरं. दुसरा शिक्का अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, गोल. त्याच्या वरच्या भागात ‘एसएल’, ‘एसएन’, ‘एसपी’ असे दर्जे असतात. त्याच गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्विंग’ किंवा जुन्या डब्यांवर ‘एनर्जी कन्झर्विंग’ हे शब्द असतील, तर ते इंधन वाचवणारं कार-तेल आहे. तेलात बुडालेल्या क्लचच्या गाडीला ते चालत नाही.

भारतीय घरांत गोंधळ होण्याची सगळ्यात जास्त शक्यता एका सरळ कारणाने असते. दारात एक स्कूटर आणि एक मोटरसायकल उभी असते. ॲक्टिव्हासारख्या गिअर नसलेल्या स्कूटरला १०डब्ल्यू-३० ‘एमबी’ तेल सांगितलेलं असतं, कारण तिचा क्लच मागच्या पट्ट्याच्या कव्हरमध्ये कोरडा असतो आणि इंजिनचं तेल त्याला शिवतही नाही. तिथे कमी घर्षणाचं तेल फायद्याचंच ठरतं. पण स्प्लेंडरच्या तेलावरही तोच १०डब्ल्यू-३० चा आकडा असतो. डबे सारख्याच आकाराचे, रंग जवळचे, दुकानात एकाच फळीवर. स्कूटरचा डबा मोटरसायकलमध्ये रिकामा व्हायला एवढं पुरतं. क्लच घसरू लागला आणि घरात स्कूटर असेल, तर पहिला प्रश्न हाच: कोणता डबा कशात ओतला?

आणखी एक संशयित असतो. इंजिनची झीज थांबते, मायलेज वाढतं, अशी हमी देणाऱ्या छोट्या बाटल्या दुकानांत मिळतात. त्यांतल्या बऱ्याच मॉलिब्डेनम किंवा टेफ्लॉनसारख्या निसरड्या द्रव्यांवर बेतलेल्या असतात. डबा नेमका ‘एमए२’ असूनही वरून अशी बाटली ओतली गेली असेल, तर क्लच घसरायला तेवढं पुरेसं ठरतं. बिलावर अशा बाटलीचा उल्लेख आहे का, हे जरूर पाहावं.

तपास: लिव्हरपासून सुरुवात

पहिला तपास अर्ध्या मिनिटाचा आहे आणि त्याला अवजार लागत नाही. क्लचची लिव्हर बोटाने हलकेच ओढायची. सुरुवातीला ती सैल फिरली पाहिजे, मग स्प्रिंगचा जोर लागला पाहिजे. या सैल अंतराला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात. स्प्लेंडरच्या लिव्हरच्या टोकाला तो १० ते २० मिलिमीटर असावा लागतो. इतर गाड्यांचा आकडा वेगळा असतो आणि तो मोजण्याची जागाही वेगळी असते. त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत दोन्ही दिलेलं असतं. प्ले अजिबात नसेल, तर लिव्हर न दाबताही क्लच थोडा उघडाच राहतो. सर्व्हिसिंगमध्ये ‘क्लच टाइट करून द्या’ या सांगण्यावरून केबल ओढली गेली असेल तर उत्तर इथेच मिळतं. हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून प्ले पुन्हा पाहावा. वळवल्यावर तो नाहीसा होत असेल, तर केबल कुठेतरी चुकीच्या बाजूने गेली आहे किंवा अडकते आहे.

इथे एक बारकावा आहे. केबलवर चालणाऱ्या बहुतेक क्लचांत प्लेटा झिजत गेल्या की प्ले वाढत नाही, उलट कमी होत जातो. गठ्ठा पातळ झाल्याने दाबणारी थाळी आत सरकते आणि लिव्हरपर्यंतची सैल जागा संपते. त्यामुळे काही महिन्यांपूर्वी नीट बसवलेला प्ले आता नाहीसा झाला असेल, तर त्यात प्लेटांच्या झिजेची पहिली सूचना असते. प्ले नीट केला, घसरणं थांबलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झालं, तर पुढचा प्रश्न प्लेटांचाच समजावा.

दुसरा तपास तेलाच्या पातळीचा. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी. इंजिन काही मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, तेल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्यायची आणि मग मोजायचं. स्प्लेंडरसारख्या गाडीत मोजकाठी पुसून, न फिरवता नुसती आत टेकवायची. फिरवून घट्ट केली तर पातळी खोटी दिसते. काही गाड्यांत इंजिनच्या बाजूला काचेची खिडकी असते. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर जादा तेल काढायलाच हवं, कारण त्याचा फेस होतो आणि इंजिनवर ताण येतो. पण आजच्या गाड्यांत निव्वळ जादा तेलामुळे क्लच घसरल्याचं क्वचितच आढळतं. तेवढ्यावर तपास थांबवू नये.

तिसरा तपास डब्याचा. रिकामा डबा गॅरेजमध्ये अजून असेल तर तो मागून घ्यावा, नसेल तर बिलावरचं नाव पाहावं. सुट्या पिंपातून तेल ओतलं गेलं असेल तर ते नक्की कोणतं, हे कळायला मार्गच उरत नाही. तेव्हा ते तेल बदलणं हाच तपास ठरतो.

चौथा तपास रस्त्यावरचा, आणि तो इंजिन गरम झाल्यावरच करायचा. थंड क्लच पुष्कळदा नीट पकडतो. सकाळी लवकर, मागेपुढे गाडी नसलेला सरळ रस्ता किंवा उड्डाणपुलाचा चढ निवडावा. घाटातल्या वळणावर हा प्रयोग करू नये. वरच्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास वेग धरून ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण उघडायचा. निरोगी क्लचमध्ये आवाज आणि वेग सोबत, सावकाश चढतात. घसरणाऱ्या क्लचमध्ये आवाज उडी मारतो आणि वेग नंतर, रेंगाळत येतो. दोन-तीनदा पाहिलं की पुरे. पुन्हापुन्हा केलं तर प्रयोगानेच प्लेटा जळतील. जागेवर उभं राहून, दोन्ही ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का ते पाहायचं, अशी एक जुनी युक्ती मेकॅनिक वापरतात. पूर्ण निकामी झालेला क्लच तिने पकडता येतो. पण मंद फिरणाऱ्या इंजिनाचा जोर फार कमी असतो, त्यामुळे अर्धवट घसरणारा क्लच या चाचणीत सहज पास होतो. तिच्यावर विसंबून ‘क्लच ठीक आहे’ असा निकाल देऊ नये.

तेल काढून पुन्हा तेल

केबल नीट आहे आणि तेल चुकीचं निघालं, तर पुढची पायरी स्वस्त आहे. इंजिन गरम करून ते तेल काढायचं, फिल्टर असेल तर बदलायचा आणि माहितीपुस्तिकेतल्या श्रेणीचं, ‘एमए’ किंवा ‘एमए२’ तेल भरायचं. मात्र एका बदलात सगळं जुनं तेल निघत नाही. पुस्तिकेत तेलाचे दोन आकडे दिलेले असतात: एक नुसतं तेल बदलतानाचा, दुसरा इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बसवतानाचा. दोहोंतला फरक म्हणजे कोपऱ्यांत, प्लेटांमध्ये आणि अस्तराच्या छिद्रांत राहणारं तेल. म्हणून काही दिवस गाडी सावकाश चालवून तेच तेल पुन्हा एकदा बदलावं लागू शकतं. अस्तर जळलेलं नसेल तर पुष्कळदा पकड परत येते आणि इंजिनचं कव्हर उघडावं लागत नाही. या दिवसांत चढावर जोर लावणं आणि मागे वजन बसवणं टाळायचं.

दोनदा तेल बदलूनही घसरणं कायम असेल, किंवा आधीपासूनच बरोबर तेल होतं असं सिद्ध झालं, तर आता कव्हर उघडणं योग्य. उघडल्यावर नजरेने निकाल देऊ नये; मोजमाप करावं. लहान गाड्यांत नव्या क्लच प्लेटची जाडी साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास असते आणि कंपनीने दिलेली झिजेची मर्यादा त्याहून जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली असते. हा फरक डोळ्याला दिसत नाही, व्हर्नियरवर दिसतो. पोलादी प्लेटा सपाट काचेवर ठेवून खालून फीलर गेज घालून पाहावा. वाकलेली प्लेट लगेच कळते. पोलादावर निळसर डाग असतील तर ती प्लेट खूप तापलेली आहे. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजावी आणि त्या सगळ्या एकदमच बदलाव्यात. बास्केटच्या खाचांत प्लेटांच्या कानांनी चरे पाडले असतील, तर प्लेटा त्यांत अडकून नीट सरकत नाहीत आणि नवा संच टाकूनही तक्रार राहते. गुळगुळीत झालेलं अस्तर पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची पद्धत आहे. त्याने काही दिवस निभावतं, पण झिजलेली जाडी परत येत नाही. नव्या प्लेटा बसवण्याआधी काही तास योग्य तेलात भिजत ठेवाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही किलोमीटरमध्येच अस्तर करपतं.

आता नव्या गाड्यांत ‘स्लिपर क्लच’ असं नाव ऐकू येतं, आणि ‘स्लिप’ हा शब्द ऐकून काही जण घाबरतात. तो वेगळा प्रकार आहे. वेगात खालचा गिअर टाकल्यावर मागचं चाक अडखळू नये म्हणून उलट्या दिशेने येणारा झटका तो मुद्दाम सैल करतो. इंजिनकडून चाकाकडे जाणाऱ्या जोरात मात्र त्यानेही घसरता कामा नये. घसरला तर तपास वर सांगितलेलाच.

जयपूरचं या विषयाशी आणखी एक नातं आहे. सिव्हिल लाइन्समधून निघून आमेर मागे टाकत दिल्लीच्या दिशेने गेलं की कूकस लागतं. तिथे हिरो मोटोकॉर्पचं संशोधन केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. चाचणीचे स्वतंत्र रस्ते असलेल्या या केंद्रात विकसित झालेली स्प्लेंडर आयस्मार्ट ११० त्याच वर्षी बाजारात आली. नव्या गाडीसाठी कोणतं तेल, कोणत्या वर्गाचं आणि किती, हे अशा चाचण्यांनंतर ठरतं आणि पुस्तिकेच्या एका ओळीत छापलं जातं. ती ओळ मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणं, तेल डोळ्यांसमोर सीलबंद डब्यातून ओतून घेणं, डब्यावरच्या शिक्क्याचाही फोटो घेणं आणि त्या दिवसाचे किलोमीटर बिलावर लिहून घेणं, एवढं केलं की पुढच्या वेळी क्लच घसरलाच तर मेकॅनिकला अंदाज बांधत बसावं लागत नाही. तेल बरोबर होतं हे फोटोवरून कळतं, आणि तो थेट केबलच्या नटकडे वळू शकतो.